टॅपेटचा आवाज आणि विश्वासाची फट



विषय ऐकून मागच्या रांगेतल्या गॅरेजवाल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला इथून दिसलं. बरोबरच आहे. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस मोटरसायकलच्या व्हॉल्व्हबद्दल काय सांगणार? तर पाना कसा फिरवायचा हे शिकवायला मी आलेलो नाही. माझा प्रश्न वेगळा आहे आणि फार जुना आहे. जी गोष्ट मला स्वतःला कळत नाही, ती ज्याला कळते त्याच्यावर मी विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर? डॉक्टर, वकील, पूल बांधणारा इंजिनिअर, सगळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न येतो. पण मोटरसायकलच्या इंजिनात अशी एक जागा आहे, जिथे तो अगदी स्वच्छ दिसतो. ती जागा म्हणजे टॅपेट.

आणि हा प्रश्न महाड-पोलादपूरमध्ये विचारायला कारण आहे. पोलादपूरच्या डोक्यावर आंबेनळी घाट, खेडच्या बाजूला कशेडी, महाडहून भोरकडे जाणारा वरंध. मधल्या वाड्यावस्त्यांपर्यंत एसटी दिवसातून किती वेळा जाते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शाळेतला शिक्षक, एमआयडीसीतल्या रात्रपाळीचा कामगार, भाजीची पाटी घेऊन बाजाराला येणारा शेतकरी, सगळ्यांचा भार दुचाकीवर. जुलैच्या संध्याकाळी, धुक्यात, मागे बायको आणि मध्ये लहान मूल बसलेलं असताना गाडी घाटात बंद पडली, तर तिथे तर्कशास्त्र उपयोगी पडत नाही. ते त्याआधी, गॅरेजमध्ये उभं असताना उपयोगी पडतं.

इंजिनातली दोन दारं

आधी यंत्र समजून घेऊ. ज्यांना माहीत आहे त्यांनी पाच मिनिटं मला सांभाळून घ्यावं.

पूर्वी आपल्या रस्त्यांवर राजदूत, येझदी, नंतर यामाहाची आरएक्स १०० अशा टू-स्ट्रोक गाड्या खूप होत्या. त्यांच्या हेडमध्ये उघडझाप करणारे व्हॉल्व्हच नव्हते. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असायची आणि वरखाली होणारा पिस्टनच ती उघडायचा आणि झाकायचा. बुलेट फोर-स्ट्रोक होती, पण ती सगळ्यांच्या खिशाला परवडणारी नव्हती. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक इंजिन सामान्य माणसाच्या अंगणात आलं. त्या गाडीची जाहिरात तुमच्यातल्या पिकल्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा तिचा अर्थ. जाहिरात म्हणून उत्तम. पण विसरून जाण्याचा सल्ला टॅपेटनं काही मानला नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये निदान दोन दारं असतात. एका दारातून पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत येतं, तो इनटेक व्हॉल्व्ह. दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर जातो, तो एक्झॉस्ट. मिश्रण दाबलं जातं आणि पेटतं, त्या वेळी दोन्ही दारं गच्च बंद हवीत. नाहीतर कॉम्प्रेशन कुठलं आणि ताकद कुठली? ही दारं उघडतो कॅम. कॅम म्हणजे एका बाजूला फुगीर असलेला फिरता दांडा. फुगीर भाग आला की तो रॉकरचं एक टोक उचलतो, दुसरं टोक व्हॉल्व्हच्या दांडीवर दाब देतं आणि दार उघडतं. फुगीर भाग पुढे गेला की स्प्रिंग दार ओढून बंद करते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो.

आता जरा हिशेब करू. घाट चढताना इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्या घेतंय असं धरा. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २,५०० वेळा उघडतो आणि बंद होतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला पोचायला सव्वा तास लागला, तर एका व्हॉल्व्हची उघडझाप झाली १,८७,५०० वेळा. घरातलं कुठलंही दार दिवसाला शंभर वेळा उघडलं, तर एवढी उघडझाप व्हायला पाच वर्षं लागतील.

आणि आता मुख्य गोष्ट. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये एक बारीक फट ठेवावी लागते. आपल्या नेहमीच्या छोट्या गाड्यांमध्ये ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, इनटेकचा आणि एक्झॉस्टचाही वेगळा असू शकतो, तो कंपनीच्या पुस्तिकेतच बघायचा. वहीचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे आपण कागदाएवढ्या किंवा त्याहून कमी फटीबद्दल बोलतोय.

ही फट कशासाठी? कारण धातू तापला की वाढतो, आणि इंजिनातले सगळे भाग सारखे तापत नाहीत, सारखे वाढतही नाहीत. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अंगावरून धगधगता वायू जातो, शेजारचा इनटेक मात्र ताज्या मिश्रणानं थंड होत राहतो. या सगळ्या ओढाताणीत व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, पूर्ण टेकलाच पाहिजे. त्याला तेवढी मोकळीक म्हणून ती फट. फट उरली नाही तर रॉकर व्हॉल्व्हला किंचित उघडाच धरून ठेवतो.

मग काय होतं? कॉम्प्रेशन निसटतं, हे एक. पण त्याहून मोठं नुकसान दुसरं आहे. तापलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जाण्याचा मोठा मार्ग म्हणजे ही बैठकच. व्हॉल्व्ह सीटवर टेकतो त्या क्षणी आपली आग हेडला देऊन टाकतो. टेकलाच नाही, तर उष्णता जाणार कुठे? वर उरलेल्या चिरेतून पेटता वायू जोरात बाहेर पडतो आणि व्हॉल्व्हची कड खातो. यालाच आपण व्हॉल्व्ह जळाला म्हणतो. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, सीट घासा, म्हणजे हाफ इंजिनचं काम आलंच.

आवाज काय सांगतो आणि काय सांगत नाही

फट कायम तेवढीच राहत नाही. ती बदलते, आणि गंमत अशी की दोन उलट दिशांनी बदलते.

कॅम, रॉकरचं टोक, ॲडजस्टिंग स्क्रूचं तोंड झिजलं की फट वाढते. वाढलेल्या फटीत रॉकर व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटतो आणि टक् टक् टक् असा आवाज येतो. हाच टॅपेटचा आवाज. पण दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्हचा चेहरा आणि सीट हेही आदळून आदळून झिजतात. ते झिजले की व्हॉल्व्ह बैठकीत थोडा आत जातो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते आणि फट कमी होते. फट कमी झाली की आवाज कमी होतो. गाडी गोड वाटायला लागते. मालक खूश.

म्हणजे बघा, फट वाढली की गाडी ओरडून सांगते. फट संपत आली की गाडी गप्प होते. जास्त फट चांगली असं मी म्हणत नाही. तिनं भाग ठोकले जातात, झीज वाढते, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो. पण ती निदान बोलते. न बोलता इंजिन खाते ती संपलेली फट.

आमच्या न्यायशास्त्रात यासाठी एक जुनं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसला, तर तिथे आग आहे असं अनुमान करता येतं, कारण आगीशिवाय धूर होत नाही. हे सगळ्यांना पटतं. पण उलट अनुमान चालेल का? आग आहे म्हणून धूर असणारच? नैयायिक म्हणतात, नाही. आणि ते दाखला देतात तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा. आग पुरेपूर, धुराचा पत्ता नाही. धूर व्हायला ओलं सरपणही लागतं. म्हणून धूर नाही यावरून आग नाही असं म्हणाल, तर हात भाजेल. मंडळी, जळणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हा अक्षरशः तापलेल्या लोखंडाचा तुकडा आहे. आवाज नाही म्हणून बिघाड नाही, हे अनुमान तिथेच फसतं.

दुसरी बाजूही तितकीच फसवी आहे. हेडमधून आवाज येतोय, म्हणजे टॅपेटच असेल? टायमिंग चेन सैल असेल, तिचा टेन्शनर गेला असेल, पिस्टन बोअरमध्ये हलत असेल, किंवा ऑइलच वर पोचत नसेल. एका खुणेमागे पाच कारणं. अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ सालच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या पुस्तकात हाच प्रसंग आहे. गाडीचा आवाज ऐकून गॅरेजातली पोरं टॅपेट म्हणून मोकळी होतात, नीट न बसणाऱ्या पान्यानं टॅपेटच्या झाकणांचं मऊ ॲल्युमिनियम खराब करून ठेवतात, आणि खरा दोष निघतो ऑइल पोचवणाऱ्या यंत्रणेतल्या एका तुटलेल्या क्षुल्लक पिनमध्ये. त्या पोरांना काम येत नव्हतं असं लेखकाला वाटत नाही. त्यांचं कामात मन नव्हतं, याचं त्याला वाईट वाटतं.

प्रामाणिक मेकॅनिकचं नुकसान

आता हे सगळं गॅरेजच्या दारात आणू. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "टॅपेट आवाज करतंय, बंद करून दे." मेकॅनिक तपासतो. फट बरोबर आहे. थंड इंजिनात पहिली दोन मिनिटं थोडा आवाज येणारच. आता त्याच्यापुढे दोन रस्ते. एक, तो म्हणेल, "काका, हा आवाज राहणारच. गाडी बरोबर आहे." दोन, तो लॉक नट सैल करेल, स्क्रू थोडा आवळेल आणि आवाज बंद करून देईल.

पहिल्या रस्त्यानं गेलेल्या मेकॅनिकबद्दल काका चौकात काय सांगतील? "त्याला काही जमत नाही. आवाज तसाच." दुसऱ्याबद्दल? "हात लावला आणि गाडी नवी झाली!" चार-सहा महिन्यांनी गाडी सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुर करते, पिकअप जातो, घाटात दम खाते. पण तोवर टॅपेट आवळल्याची आठवण कुणाला असते? काका म्हणणार, पेट्रोलच भेसळीचं येतंय हल्ली.

अर्थशास्त्रज्ञांनी याचा विचार केलेला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल दाखवलं, की विकणाऱ्याला माल माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हाकलून देतो. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी आणखी एक प्रकार सांगितला. काही सेवा अशा असतात, की त्या घेतल्यानंतरसुद्धा त्या चांगल्या होत्या की नाही हे घेणाऱ्याला ठरवता येत नाही. आंबा गोड आहे का, ते खाल्ल्यावर कळतं. पण टॅपेट बरोबर बसवलं का, हे गाडी चालवूनही कळत नाही. दुरुस्ती ही अशीच, भरवशावर घ्यायची वस्तू.

म्हणून लक्षात घ्या, मेकॅनिक लोक फसवतात ही अर्धीच तक्रार झाली. कित्येकदा चुकीच्या कामाला शाबासकी देऊन आणि बरोबर कामाला नावं ठेवून आपण गिऱ्हाईकंच त्यांना तसं वागायला शिकवतो.

आप्त कोण?

मग विश्वास ठेवायचा कुणावर? इथे पुन्हा न्यायदर्शनाकडे जाऊ. ज्ञान मिळवण्याचे चार मार्ग नैयायिक मानतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. अशा माणसाला ते 'आप्त' म्हणतात. आपण मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक म्हणतो. शास्त्रात नात्याचा काही संबंध नाही. भाष्यकार वात्स्यायन आप्ताची जी लक्षणं देतो, ती माझ्या शब्दांत सांगतो. त्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत असते. जसं पाहिलं तसं सांगण्याची त्याची इच्छा असते. आणि तो ते सांगतो, म्हणजे आपल्याला कळेल असं बोलतो.

तीन गोष्टी. यातली एक जरी नसली तरी आप्त नाही. ज्ञान आहे पण सांगायची इच्छा नाही, तो लबाड. इच्छा आहे पण ज्ञान नाही, तो भला माणूस, पण त्याच्या हातात हेड देऊ नका. दोन्ही आहे, पण विचारलं की अंगावर येतो, त्याच्या ज्ञानाचा मला काय उपयोग?

आता ही लक्षणं गॅरेजमध्ये कशी ओळखायची? माझ्या निरीक्षणातल्या काही खुणा सांगतो.

पहिली, तो हत्याराआधी प्रश्न हातात घेतो. आवाज थंड असताना येतो की तापल्यावर? चढाला की उताराला? शेवटचं ऑइल कधी बदललं?

दुसरी, टॅपेट बघायचं म्हटलं की तो गाडी ठेवून जा म्हणतो, किंवा सकाळी सकाळी बोलावतो. कारण बहुतेक कंपन्यांनी फटीचा आकडा थंड इंजिनासाठी दिलेला असतो. बिरवाडीहून तापवत आणलेल्या गाडीचं टॅपेट जो पाच मिनिटांत करून देतो, त्याच्याकडे वेळ वाचतो, व्हॉल्व्ह वाचेलच असं नाही.

तिसरी, तो फिलर गेज वापरतो. फिलर गेज म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा. इथे काही जुने मेकॅनिक मनात म्हणतील, आमचा हातच गेज आहे. अनुभवी हाताचा मी अपमान करत नाही. पण कागदाच्या अर्ध्या जाडीतला फरक रोज, प्रत्येक गाडीत, हातानं सारखाच ओळखायचा म्हणजे कठीण. आणि दुसरं असं, की गेज मलाही दाखवता येतो. हात दाखवता येत नाही.

चौथी, तो पिस्टन वर आला का ते मॅग्नेटच्या खुणेवर बघतो आणि मग दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहतो. का? कारण फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोन वेळा वर येतो. एकदा मिश्रण दाबून, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. एकदा धूर बाहेर काढून, तेव्हा दोन्ही किंचित उघडे असतात. खूण दोन्ही वेळा तीच दिसते. दुसऱ्या वेळी फट मोजली तर सगळं मोजमाप वाया. आणि स्क्रू धरून लॉक नट आवळल्यावर तो फट पुन्हा एकदा मोजतो, कारण आवळताना स्क्रू हलतो.

पाचवी, बदललेला भाग तो न मागता हातात ठेवतो. आणि सहावी, माझ्या मते सगळ्यात मोठी खूण. तो कधीतरी म्हणतो, "याला काही करायची गरज नाही." किंवा, "हे माझ्याकडे होणार नाही, तुम्ही महाडला दाखवा." ज्या माणसानं तुमच्याकडून मिळणारे पैसे सोडून खरं सांगितलं, त्याचा पुढचा शब्द जास्त वजनाचा.

वात्स्यायनाची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. तो म्हणतो, आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे माणूस कुठल्या घरातला, कुठल्या धर्माचा, किती शिकलेला, हा प्रश्नच नाही. त्याला माहीत आहे का, आणि तो खरं सांगतो का? भाष्यात हे लिहिलेलं होतं, पण समाजानं ते पाळलं नाही. ज्या गावात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, त्या गावात हे मोठ्यानं म्हणायला हवं. इंग्लंडच्या मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली लिहिलेल्या पुस्तकात या अन्यायाला नाव दिलं. माणसाचं म्हणणं तपासण्याआधीच, तो कोण आहे हे पाहून त्याच्या शब्दाची किंमत कमी करायची, हा ज्ञानाच्या व्यवहारातला अन्याय. ज्याचे हात काळे आहेत त्याला अरे-तुरे करायचं, त्याचं निदान ऐकायच्या आधी यूट्यूबवरचं त्याला ऐकवायचं, हे आपण सुशिक्षित लोक फार करतो. त्यात त्याचा अपमान तर होतोच, पण खरी माहितीही आपल्या हातून जाते.

आपलं काम कोणतं?

इथे प्लेटोची मदत होते. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात तो म्हणतो, की बासरीबद्दलचं खरं ज्ञान वाजवणाऱ्याकडे असतं. बनवणाऱ्यानं त्याचं ऐकावं आणि त्याप्रमाणे बासरी करावी. गाडीच्या बाबतीत मी हे अर्धं मान्य करतो. ती का बिघडली, हे मेकॅनिकला कळतं. पण ती कशी वागते, हे रोज चालवणाऱ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मग ते नीट सांगणं हे आपलं काम.

"टॅपेट वाजतंय" असं सांगू नका. ते निदान झालं, आणि निदान हे त्याचं काम. तुम्ही खुणा सांगा. सकाळी चार किकऐवजी दहा लागतात. किक हलकी लागते. रेस सोडली की बंद पडते. सायलेन्सरमधून फट् असा आवाज येतो. ॲव्हरेज उतरलं. पूर्वी आंबेनळीचा अमुक चढ दुसऱ्या गिअरवर जायचा, आता पहिला लागतो. आवाज तर आधीपेक्षा कमी झालाय! हे शेवटचं वाक्य जाणकार मेकॅनिकचे कान टवकारायला पुरेसं आहे.

एक छोटी वही ठेवा. किती किलोमीटरला ऑइल बदललं, किती किलोमीटरला टॅपेट तपासलं, फट किती होती आणि किती ठेवली. दर वेळी एक्झॉस्टची फट कमी झालेली आढळत असेल, तर सीट झिजतेय हे वहीच सांगेल. गाडी गप्प असली तरी वही बोलते.

आणि पैशाचं. सुट्या भागाचे पैसे आपण बिनतक्रार देतो, मजुरीची मात्र घासाघीस करतो. "नुसतं बघितलं त्याचे कसले पैसे?" पण बघणं हेच तर ज्ञानाचं काम आहे! बघण्याचे पैसे मिळाले नाहीत, की माणूस भाग विकून पोट भरणार. म्हणजे अनावश्यक भाग बदलायचं आमंत्रण आपणच दिलं. ज्यानं तपासून सांगितलं की काही करायला नको, त्याला तपासणीचे पैसे द्या. तुमच्या इंजिनाचा तो सगळ्यात स्वस्त विमा आहे.

किती विश्वास?

शेवटचा मुद्दा. विश्वास ठेवला, मग तपासायचं कशाला? तपासलं, तर विश्वास कसला? असा पेच लोक टाकतात.

ॲनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ साली एक महत्त्वाचा फरक दाखवला. अवलंबून असणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. घड्याळ बंद पडलं तर आपली निराशा होते, पण घड्याळानं दगा दिला असं आपण मनापासून म्हणत नाही. माणसानं मात्र दगा दिला असं म्हणतो. कारण माझी गोष्ट मी त्याच्या हातात दिलेली असते आणि तिचं काय करायचं, याची थोडी मुभाही दिलेली असते. मुभा दिली नाही, तर तो माझा मेकॅनिक राहत नाही, नुसता हमाल होतो.

पण मुभा म्हणजे डोळे मिटणं नव्हे. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र इथे कुणाला सांगावी लागणार नाही. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसह वाहून गेल्या. त्या दिवशीही त्या पुलावरून लोक रोजच्यासारखे गेलेच होते. कोसळण्याआधी ओरडून सांगेल अशी कुठलीही सोय दगडात नसते. त्या दुर्घटनेच्या कारणांत मी जात नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच म्हणतो, की जी गोष्ट गप्प राहून बिघडते, तिच्यावरचा विश्वास वेळच्या वेळी केलेल्या तपासणीवरच उभा राहू शकतो. 'आजवर काही झालं नाही' हा पुरावा नाही.

म्हणून मेकॅनिक आणि गिऱ्हाईक यांच्यातही टॅपेटसारखी थोडी फट हवी. मागे उभं राहून प्रत्येक स्क्रूवर शंका घेतली, तर चांगला माणूस काम मनापासून करणार नाही. आणि चावी फेकून संध्याकाळी पैसे देऊन गाडी उचलली, की सैलपणा आलाच. जुना भाग बघायला मागणं, फट किती ठेवली ते विचारणं, वर्षातून एकदा दुसऱ्या जाणकाराला दाखवणं, यात अविश्वास नाही. चांगल्या मेकॅनिकला त्याचा राग येत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याचं त्याला बरं वाटतं.

आता दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न आलाय, नव्या गाड्या कॉम्प्युटरच्या आहेत, मग हे सगळं जुनं झालं नाही का? १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, छोट्या गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला, सेन्सर आले. मान्य. पण बहुतेक छोट्या गाड्यांत व्हॉल्व्ह, रॉकर आणि फट तशीच आहे. काही गाड्यांत स्क्रूऐवजी शिम नावाच्या पातळ चकत्या असतात, काही बुलेटमध्ये ऑइलच्या दाबावर फट आपोआप सांभाळणारी यंत्रणा आहे. तुमची कुठली, ते पुस्तिकेत पाहा. स्कॅनरला सेन्सरचा दोष दिसतो. ही फट तो मोजत नाही. तिथे अजून माणूसच लागतो.

दुसरा प्रश्न एका तरुण मेकॅनिकचा आहे. तो विचारतो, "सर, गिऱ्हाईक आवाज बंद करूनच दे म्हणून अडून बसलं तर मी काय करू? नाही केलं तर तो शेजारच्या गॅरेजला जाईल."

बाळा, हा आजचा सगळ्यात कठीण प्रश्न आहे आणि त्याची किंमत तुला मोजायची आहे, मला नाही. तरी सांगतो. त्याला गेज दाखव. योग्य पातं फटीतून सरकवून दाखव, मग त्याच्या हातात दे आणि त्यालाच सरकवू दे. त्याहून जाड पातं जात नाही, हेही दाखव. जे तुझ्या शब्दावर मानायला तो तयार नाही, ते त्याला प्रत्यक्ष होऊ दे. बिलावर फटीचा आकडा लिही. तरीही गेला, तर जाऊ दे. मात्र जाताना एवढं सांग, की किक हलकी लागायला लागली तर वेळ न घालवता परत या. तो परत येईल त्या दिवशी शेजारच्याला नावं ठेवू नकोस. गेज काढ आणि फट मोज.